डोंगराची कोरडी बाजू

छोटीच्या आईस,

मी ठणठणीत आहे, खोकला किरकोळ आहे. पण या गावाचा मला वीट आलाय. बर्फ हटवणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून आलो आणि दोन महिन्यांत बोटभरही बर्फ पडलेला नाही! रोज कोरडी गाडी धुतो, नियम म्हणून कोरड्या रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ टाकतो आणि तेच वाऱ्याने उडून माझ्या चहात पडतं. शी!

मेकॅनिक म्हणतो, समुद्राकडचे ढग डोंगर चढताना गारठतात आणि सगळा बर्फ पलीकडेच टाकून मोकळे होतात. आमच्याकडे उतरतं ते नुसतं कोरडं वारं. पलीकडे गाड्या दरीत जातात म्हणून ही बाजू मीच मागून घेतली, तीही तुझ्या धाकाने.

तुझी कंबर कशी आहे? पाण्याच्या बादल्या उचलू नकोस.

एक कबुली देतो. छोटीला पाठवलेल्या फोटोतला बर्फाचा माणूस गोदामातल्या मिठाचा आहे. मीठ ओलं करून थापलं, डोळ्यांच्या जागी गाडीचे नट लावले. माझी मलाच किळस आली. तिला सांगू नकोस. वितळला का म्हणून विचारलंच तर सांग, बाबा घरी येईपर्यंत तो वितळणार नाही.

तुम्हा दोघींचा,
बिनकामाचा ड्रायव्हर