शिलाई मशीनची वाढीव हमी

नागभीड, मंगळवार, १९५६

आज शिलाई मशीन घरी आली. वर्षाची हमी आहेच, पण वर पैसे भरले तर पुढची तीन वर्षं चांद्याहून कारागीर घरी येऊन दुरुस्ती करील म्हणे. उद्या दुकानदाराला कळवायचं. भरावे का? पावसाळ्यात निरोप धाडला तरी तो येणार कधी?

संध्याकाळी शिवायला बसले तर खाली धाग्याचा गुंता. हे म्हणाले, "पाह्य, म्हणून म्हणतो पैसे भरू. तुले काय समजते त्यातलं?"

मी बॉबीनची डबी बाहेर काढली. आत धाग्याचा तुकडा अडकला होता. तो सुईने ओढून काढला, चाक फिरवलं. टाका सरळ आला. पुन्हा फिरवलं, पुन्हा सरळ.

मग म्हटलं, "पैसे नाई भरायचे. मोठं काही मोडलं तर रेल्वेनं चांद्याले नेऊ."

हे हसले आणि आपला फाटका सदरा पुढे केला. तो शिवून झाला. आता घरात फाटकं काही उरलं नाही, म्हणून धड असलेल्या चादरीलाच किनार लावायला घेते आहे.