वाळूवरचं वॉशिंग मशीन

३ मार्च, सकाळ
मशीन स्पिनला लागलं की नाचत सुटतं. काल बाथरूमच्या दारापर्यंत आलं. बायको म्हणाली, रविवारपर्यंत धड करा, नाहीतर मी कपडे उचलून बाबांकडे चालले. मेकॅनिकला बोलवा म्हणे! का, मी मेलोय? उपाय माझ्याकडे आहे: वाळू. हादरे गिळून टाकते. एवढं साधं कुणाला सुचत कसं नाही!

४ मार्च
लाकडी चौकट ठोकली, वाळू भरली. वर उभा राहून उड्या मारल्या. दगडासारखी घट्ट! मशीन चढवलं. बायकोने कपाळाला हात लावला. लावू दे.

५ मार्च
धुताना ठणठणीत. स्पिन सुरू झालं आणि मशीन खाली जायला लागलं. सावकाश, आजोबा आरामखुर्चीत टेकतात तसं. वाळू चक्क उकळत होती हो! बटण बंद केलं, पुन्हा घट्ट. मशीनचे पाय गडप.

दुपारी
इंटरनेटवर वाचून काढलं. हादऱ्यांनी कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि वाळू पाण्यासारखी वागते. जड ते बुडतं, हलकं ते वर येतं. म्हणजे चूक माझी नाही, वाळूची आहे. उपाय: आणखी वाळू.

६ मार्च
आणखी टाकली. आणखी बुडालं. खाली गाडला गेलेला प्लास्टिकचा मग मात्र ऐटीत वर आला! बायकोला हाक मारून दाखवला. तिने मगाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

७ मार्च
हलू नये म्हणून मशीनच्या डोक्यावर विटा रचल्या. दुप्पट वेगाने खाली गेलं. त्याचं समोरचं दार वाळूखाली, आत बायकोचे ऑफिसचे सगळे कपडे. पाइपही निसटला. डोकंच फिरलं, वाळूला वाट्टेल ते बोललो. शेजाऱ्यांनी दार वाजवून विचारलं, काय चाललंय? म्हटलं, संशोधन.

८ मार्च, रविवार
दोघांनी हातांनी मशीनच्या दारापुरती वाळू उकरली. ती ओले कपडे बॅगेत कोंबून बाबांकडे गेली. धुऊन येईल संध्याकाळपर्यंत. मशीन आता तसूभर हलत नाही, पण त्याचं कौतुक कुणाला!

११ मार्च
सासऱ्यांचा फोन. म्हणाले, जावईबापू, त्या कपड्यांत तुमचे दोन शर्ट आलेत, वाळलेत, घेऊन जा. मी विचारलं, आणि ही कधी येतेय?
म्हणाले, शर्ट खाली वॉचमनकडे ठेवलेत.