दहा शब्दांची यादी

९ जून

जिंकलो! ३-२! उपांत्य फेरी! आमच्या मुलींच्या हॉकी संघाने आजवर या फेरीचं तोंड पाहिलं नव्हतं. पुरुषांचा संघ गटातच गारद झाला. कालपर्यंत आमच्याकडे ढुंकूनही न बघणारे त्यांचे मॅनेजर आज आमच्या बसपाशी हार घेऊन उभे राहायचेच काय ते बाकी होते. त्यांची एसीवाली बस आता आम्हाला मिळणार म्हणे. घ्या!

शेवटच्या मिनिटाला समोरच्यांना शॉर्ट कॉर्नर. म्हणजे माझं काम. गोलरेषेमागे आम्ही पाच जणी. चेंडू निघाला की सगळ्यांत आधी मी सुटायचं, सरळ फटका मारणारीच्या अंगावर. स्टिकने अडला तर ठीक, नाहीतर अंगाने. आज नडगीवर घेतला. टेंगूळ आलंय, पण गोल नाही झाला.

"तू पुढे पळतेस ना, तोवर मी मागे डुलकी काढते," मावशी म्हणाली. आमची गोलकीपर. चौतिसाव्या वर्षीही खेळते म्हणून अख्ख्या संघाची मावशी, आणि माझ्या नशिबी खोलीत तिचं घोरणं.

१० जून, संध्याकाळ

सरावात लागला. डोक्याला. चूक माझीच — दोनच कॉर्नर राहिलेत म्हणून मास्क काढून ठेवला होता. चेंडू चिमणीच्या, म्हणजे संघातल्या सगळ्यांत धाकटीच्या, स्टिकला लागून उडाला आणि माझ्या कानाच्या वर बसला. खाली बसले, उठले. डॉक्टरबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली. मग एकदम खोलीतला पलंग आणि पायातले बूट काढणारी मावशी. मधला बसचा प्रवास आठवत नाही. डोळा लागला असेल.

चिमणी रडून रडून लाल. एकोणीस वर्षांची पोर. तिला म्हटलं, अगं, माझं डोकं तुझ्या स्टिकपेक्षा कडक आहे!

उद्या दुपारी पूर्ण चाचणी. नापास झाले तर परवाचा सामना बाहेरून बघायचा. डोक्याच्या बाबतीत प्रशिक्षक सरांचंही काही चालत नाही, शेवटचा शब्द डॉक्टरबाईंचा.

पण चाचणीत अवघड एकच गोष्ट — दहा शब्द. डॉक्टरबाई वाचतात, दहा मिनिटांनी आपण परत सांगायचे. आणि सराव शिबिरापासून त्यांची यादी एकच! चमचा, ढग, पायरी, साबण, खिळा, पडदा, घोडा, दोरी, शिट्टी, भोपळा. आमच्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. बसमध्ये टाळ्यांच्या तालावर म्हणतो आम्ही. नव्या मुलींना मीच शिकवते, वर हेही सांगते की शिबिरातल्या पहिल्या चाचणीत मुद्दाम सहाच शब्द सांगा. पुढे मार लागला तरी आकडा खाली गेलेला दिसत नाही. चिमणीलाही मीच पढवलंय.

तेव्हा काळजी नाही.

ट्यूबलाइट डोळ्यांत टोचतेय. बंद केली.

११ जून, सकाळ

दात घासून आले, ब्रश घेऊन पुन्हा निघाले. मावशी म्हणाली, "अगं, आत्ताच घासलेस ना!" मी हसले. ती नाही हसली.

"डोकं दुखतंय का?"

"नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

नाही बघितलं. "मावशी, दोन स्पर्धा या गुडघ्याने खाल्ल्या. तिसावं लागलं मला. पुढची कोण देणार, तू?"

"आणि परत डोक्याला लागला म्हणजे?"

"मास्क घालेन."

"काल घातला होतास?"

मी उगाच चढ्या आवाजात म्हटलं, "डॉक्टरबाईंना एक शब्द बोललीस तर माझ्याशी गाठ आहे!" ती पॅड पुसत बसली.

आईचा फोन आला. तिला म्हटलं, सगळं मजेत आहे.

११ जून, दुपार

संपलं.

डॉक्टरबाईंनी शब्द वाचले. मी ऐकलेसुद्धा नाहीत, ऐकायचे कशाला? खिडकीच्या उजेडाकडे पाठ कशी करता येईल एवढंच बघत होते. एका पायावर उभी राहिले. महिने उलटे म्हणून दाखवले. अडखळले, पण निभावलं. मग त्या म्हणाल्या, "आता शब्द सांग."

सांगितले! धडाधड, दहाच्या दहा, बसमधल्याच तालात. भोपळा म्हणून झाल्यावर शाबासकीसाठी मान वर केली.

त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

"हे मी आज वाचलेच नाहीत," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला. छत्री. बटण. कुलूप. पुढचे वाचवेनात. एकही शब्द कानावरून गेल्यासारखा वाटला नाही.

रागावल्या नाहीत त्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "घरी आईला मीच फोन करू का?" म्हणाल्या. लहान पोरीला विचारावं तसं!

खोलीत येऊन मावशीवर तुटून पडले. "तूच सांगितलंस! यादी आम्हाला पाठ आहे हे त्यांना कोण सांगणार दुसरं?"

"मी नाही सांगितलं."

"खोटं बोलू नकोस!"

"नाही गं सांगितलं." बस, एवढंच. चार वेळा विचारलं, चारही वेळा तेच. चौदा वर्षं या बाईच्या पुढे धावले, तिच्याकडे जाणारे चेंडू अंगावर घेतले — आणि तिनेच केसाने गळा कापला.

१२ जून

वर प्रेक्षकांत बसले. चिमणीच्या चेहऱ्यावर माझा मास्क. तिला तो मोठा होतो, सारखा वर सरकवत होती. समोरच्यांची ती फटकेवाली — आम्ही तिला तोफ म्हणतो — पहिल्याच कॉर्नरला गोलचा खांब हादरवून गेली. थोडक्यात बाहेर!

दुसऱ्या सत्रात आमचा गोल. १-०. मग त्यांचेच हल्ले. ढोलांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा. शेवटची पाच मिनिटं टॉवेल डोळ्यांवर घेऊन नुसती ऐकत होते. शेजारी बसलेल्या फिजिओला म्हटलं, तुम्ही सांगा.

"कॉर्नर. त्यांचा."

"चिमणी कुठे आहे?"

"उभी आहे. वाकली. सुटली — सरळ जातेय—"

थप्प! तो आवाज मला ओळखीचा आहे. अंगावर बसल्याचा.

"कुठे लागला? कुठे लागला तिला?"

"मांडीवर. उठतेय. परत कॉर्नर."

परत! देवा, डोक्याला नको, एवढंच म्हणत होते. गोल होऊ नये हे मनातसुद्धा आलं नाही, खरं सांगते.

मावशीने पॅडने उडवला. शिट्टी. जिंकलो. अंतिम फेरी.

खालून मावशीने माझ्याकडे बघून हात केला. मी दुसरीकडे बघितलं.

१३ जून

एकाच खोलीत, पाठ फिरवून. तिने माझ्या उशाशी पाणी भरून ठेवलं. प्यायले नाही.

चिमणीला बोलावून म्हटलं, मी पढवलेलं सगळं विसर. डोक्याला लागलं तर लागलं म्हणून सांगायचं. "पण ताई, तुम्हीच तर..." हो, मीच.

१४ जून

सकाळी डॉक्टरबाईंना विचारलंच — यादी बदला असं तुम्हाला सांगितलं कोणी?

त्या बघतच राहिल्या. "तूच. लागलं त्या दिवशी, बसमध्ये. माझा हात सोडत नव्हतीस. म्हणालीस, ती यादी आम्हाला पाठ आहे, बदला, नाहीतर उद्या मी खोटं बोलेन."

मावशी आंघोळीला गेलीये. बाहेर आली की काय म्हणायचं ते लिहून ठेवते, विसरायच्या आत — चुकले मी.