दहावं फूल

२२ डिसेंबर
काढलंच शेवटी चित्र त्यानं! डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, पण आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. म्हणजे माझ्या नवऱ्याला, लाओ ग्वानला, कागद हवाच. मेईची, म्हणजे ऐन थंडीत फुलणाऱ्या प्लमची, एक फांदी, वर चिमणीएवढा पक्षी, नऊ फुलं, प्रत्येकाला नऊ कोऱ्या पाकळ्या. रोज एक लाल करायची. एक्क्याऐंशी झाल्या की थंडी सरली. चाळीस वर्षं आमच्या भिंतीवर हेच कॅलेंडर. म्हटलं, "यंदा राहू दे की!" तर म्हणे, "तू डंपलिंग वळ, झाडाचं मी बघतो."
आज ढग होते. म्हणून पाकळीचा वरचा अर्धा भाग रंगवला. ऊन असलं की खालचा, बर्फ पडला की मधला.

३ जानेवारी
डॉक्टरांनी मला एकटीलाच आपल्या खोलीत बोलावलं. "फार तर थंडी सरेपर्यंत. मनाची तयारी ठेवा." मनाची तयारी! ती काय वाफवून ठेवायची असते? त्याला सांगितलं, सुधारणा आहे. तो म्हणाला, "बरं."
घरी आल्या आल्या भिंतीकडे बघितलं. तेरा लाल. अडुसष्ट उरल्या.

४ जानेवारी
ऊन. सदुसष्ट.

१९ जानेवारी
बावन्न. दुपारी तो झोपला आणि मी वेड्यासारखं काहीतरी केलं. त्याचा बारीक कुंचला घेतला आणि फांदीच्या खालच्या टोकाला एक कोरी पाकळी काढली. एकच! पाकळ्या संपल्याच नाहीत, तर थंडी कशी सरेल? आयुष्यभर दुकानात डंपलिंग वळली, कुंचला कधी धरला नव्हता. शाईत पाणी कमी पडलं, कागदानं ती पिऊन टाकली, कड फुगली.

२० जानेवारी
लक्षात नाही आलं त्याच्या. आणखी एक काढली.

२६ जानेवारी
आज कागद मांडीवर घेऊन रंगवता रंगवता त्यानं चष्मा कपाळावर चढवला. मी लगबगीनं मांजरीच्या वाटीत दूध ओतायला लागले.
"हे कुणी केलं?"
"मांजरीचे पाय उमटले असतील."
"भिंतीवर?"
"मग? तुझी मांजर काय साधी आहे?"
त्यानं चष्मा पुन्हा नाकावर घेतला. रंगवत बसला.

९ फेब्रुवारी
उद्या आपलं चिनी नवं वर्ष. यीचिंग छंगदूहून आली. बापाला बघून स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग डोळे पुसून चित्रासमोर उभी राहिली. "आई, यंदा दहावं फूल कसं गं?"
मी बोलायच्या आत तोच म्हणाला, "आपली मांजर शिकायला लागलीय. फक्त मेईची पाकळी गोल असते, ही प्रत्येक पाकळीच्या टोकाला चिमटा काढते."
पोरगी हसली. मी भांडी घासायला गेले.

२४ फेब्रुवारी
बर्फ. आज कंदिलांचा सण, पण अर्धाच गोड गोळा खाल्ला त्यानं. हात उचलेना, म्हणून मी मनगट धरलं. "दाबू नकोस, हे पीठ नाही!" रागावला म्हणून बरं वाटलं. तो झोपल्यावर दहाव्या फुलाची नववी पाकळी काढली.

८ मार्च
आजची पाकळी झाल्यावर लाल रंग नको म्हणाला, शाई मागितली. दहाव्या फुलाखाली सहा-सात फटकारे. मांजर! पाठमोरी, मान वर करून फुलाकडे बघतेय. एवढ्यानंच धाप लागली त्याला.

११ मार्च
ऊन. एक्क्याऐंशीवी त्यानं स्वतः रंगवली. मी घाईघाईनं म्हटलं, "अजून नऊ आहेत! उद्यापासून त्या घे."
"त्या मांजरीच्या. मांजरीनंच रंगवायच्या. रोज एक, घाई करायची नाही." मग म्हणाला, "डॉक्टरांच्या खोलीतून तू बाहेर आलीस ना, तेव्हाच तुझ्या तोंडावरून कळलं होतं मला. उगाच एकटीनं ओझं वाहिलंस."
इतके दिवस दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. त्याच्या पांघरुणात तोंड खुपसून मोठमोठ्यानं रडले. तो माझ्या डोक्यावर थोपटत राहिला.

१६ मार्च
लाओ ग्वान परवा गेला. आज ऊन होतं. दहाव्या फुलाची पहिली पाकळी मी लाल केली, खालचा अर्धा भाग. आठ उरल्या.