आयत्या चुण्यांचा झगा

ओसाका, २० जुलै

प्रिय चिहारू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या पोटात गोळा आला असेल, म्हणून आधीच सांगते, घरात सगळे जिवंत आहेत. तुझा दादा ठणठणीत आहे, आई माझं डोकं खाण्याइतक्या ठणठणीत आहेत, आणि रोज खाऊनही माझं डोकं थोडंफार शिल्लक आहे. फोन केला असता, पण आपल्या घरातली सरकती दारं कागदाची आणि आईंचे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. म्हणून वांगी आणायला जाते असं सांगून ट्रामच्या थांब्याजवळच्या कॉफीच्या दुकानात बसून लिहिते आहे. तुम्हा मायलेकींचं भांडण मी नऊ वर्षं सांभाळलं, कोंड्यातल्या लोणच्यासारखं, रोज हात घालून वरखाली करत. यंदाच्या उन्हाळ्यात ते मिटलं नाही तर मी सांभाळायचं सोडून देणार आहे, मग त्याला बुरशी येऊ दे. जूनपासून ते भांडण कापडाचं रूप घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेलं आहे. आईंनी तुझ्यासाठी झगा शिवायला घेतला आहे. हे तुला अजिबात सांगायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. सांगितलं, संपलं.

तुला वाटेल, साठ वर्षं किमोनो शिवलेल्या बाईला एक उन्हाळी झगा म्हणजे काय मोठं. मलाही तसंच वाटलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आई एकाएकी म्हणाल्या, सेनबाच्या कापडबाजारात घेऊन चल. तिथे एका दुकानात त्यांनी ते आयत्या चुण्यांचं कापड हातात धरलं ते सोडेनात. तू पाहिलं असशील. छातीच्या भागात इलॅस्टिकच्या दोऱ्यांच्या ओळीच ओळी कारखान्यातूनच घालून येतात आणि खाली कापड मोकळं सुटतं. छातीच्या मापाने घेर कापायचा, मागे एक उभी शिवण, खांद्याला दोन बंद, खाली दुमड. दुकानातली बाई म्हणाली, “तासाभराचं काम आहे आजी, मध्ये चहा प्यायलात तर सव्वा तास.” त्या तासाला आज सहा आठवडे झाले. आई ते कापड दोन्ही हातांनी ताणायच्या, सोडायच्या, परत ताणायच्या. मग त्यांनी त्या बाईला विचारलं, “ह्यात श्वास घेता येतो ना?” ती हसली. “आजी, हे घालून दोन वाडगे उदोन खा, कापड चकार शब्द काढणार नाही.” आईंना हसू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, “छातीभर घेता येतो ना, नीट?” मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात मलाच विचारतात, “निळं आहे ना हे?” निळंशार कापड हातात, त्यावर बशीएवढाली पांढरी फुलं, आणि म्हणे निळं आहे ना.

घरी आल्यावर पहिला तमाशा. किमोनोचं कापड आई कसं मोजतात ते तू लहानपणापासून बघितलं आहेस: एक टोक चिमट्यात अडकवायचं, दुसरं हातात धरून ताठ ओढायचं आणि मग बांबूची पट्टी लावायची. ते कापड ओढलं तरी तेवढंच राहतं. हे ओढलं की दुप्पट होतं आणि सोडलं की लाजून आत जातं. मी दोनदा म्हटलं, “आई, हे न ओढता मोजायचं असतं, त्या बाईने बजावलं होतं.” तर म्हणाल्या, “तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी कापड मोजते आहे.” बरं, मोजा. ओढून मोजलं, ओढून कापलं, शिवलं, आणि चिमटा सोडला तर हातात उरला एक बाहुलीचा झगा. तो आता गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दगडी जिझोच्या अंगात आहे. इतकी वर्षं लाल लाळेरं बांधून पोरांची राखण करणारा आपला जिझो यंदा निळ्या फुलाफुलांच्या झग्यात उभा आहे, आणि गल्लीतल्या बायका मला अडवून सांगतात, “तोमोएसान, काय शोभून दिसतोय हो तुमचा जिझो.” मी मान हलवते आणि पुढे जाते.

परत सेनबा, परत तेच कापड. या खेपेला मी स्वतः मोजलं, स्वतः कापलं, फक्त शिवण आईंवर सोडली. ती सरळ आली, पण निळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याने. मी दाखवलं तर म्हणतात, “सारखाच तर आहे रंग.” जिच्या हातच्या शिवणीत आयुष्यात कोणाला दोरा दिसला नाही, तिने हे म्हणावं. मी म्हटलं, जाऊ दे, हट्ट आहे. मग मी तोफू आणायला गेले तेवढ्यात त्यांनी सगळ्या चुण्यांवरून कडकडीत इस्त्री फिरवली. शिवण संपली की इस्त्री, हा साठ वर्षांचा हात आहे, तो डोक्याला विचारत नाही. इलॅस्टिकने जीव सोडला, चुण्या आडव्या झाल्या आणि झग्याचं तांदळाचं पोतं झालं. ते पोतं आता मी घरात घालते. तुझा दादा म्हणाला, बरं दिसतं, म्हणजे त्याने बघितलेलंच नाही.

एवढंच असतं तरी मी पत्र लिहिलं नसतं. हल्ली आईंचं नवीनच सुरू झालं आहे. माझ्याशी बोलताना त्या माझ्याकडे बघत नाहीत. तोंड फ्रिजकडे आणि बोलणं माझ्याशी. मी समोर जाऊन उभी राहिले तर तोंड खिडकीकडे. सव्वीस वर्षं या घरात राबले, आता माझं थोबाडही नकोसं झालं का, असं मनात येऊन एकदा मी भात ढवळताना रडले. दादाला सांगितलं तर म्हणतो, “उन्हाळा आहे, फ्रिज गार असतो.” तुम्ही सगळे एकाच खाणीतले. आणि फेब्रुवारीतली गोष्ट तर तुला सांगितलीच नाही. आठ तारखेला आम्ही नेहमीसारख्या देवळात गेलो, वर्षभरात मोडलेल्या सुया कोन्याकूच्या मऊ वडीत टोचून त्यांचे आभार मानायला. मोडलेल्या होत्या दोन. आईंनी कमरेच्या बटव्यातून पुडी काढली आणि एकामागून एक सगळ्या टोचल्या. धडधाकट, चकचकीत, चाळीसएक सुया. त्या वडीचा पार साळिंदर झाला. मी म्हटलं, “अहो, ह्या तर चांगल्या आहेत.” तर म्हणाल्या, “दमल्यात.” एक तेवढी ठेवली. उधळपट्टी म्हणून मी वाटभर कुरकुरले.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या भांडणात मी कोणाचीच बाजू घेतली नव्हती, आजही घेत नाही, कारण दोघींचंही चुकलं होतं. तुझ्या विसाव्या वर्षी, सज्ञान होण्याच्या समारंभासाठी आईंनी अख्खा हिवाळा बसून शिवलेला किमोनो तू पार उत्तरेला हाकोदातेला राहायला जाताना जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याला देऊन टाकलास. ठीक आहे, तुझा होता. पण देवळाच्या आवारात एकवीस तारखेला भरणाऱ्या बाजारात तो नेमका आईंच्याच हाताला लागला, आणि अस्तर उलटताच त्यांनी आपला टाका ओळखला. तेव्हा फोन करून ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नाही. घरी आणला, आणि नव्या वर्षाला तू आलीस तेव्हा बैठकीच्या भिंतीवर दोन्ही बाह्या पसरून टांगला. तीन दिवस आपण चौघं त्याच्याखाली बसून मोचीचं सूप प्यायलो आणि कोणी अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी तू वाडगा खाली ठेवलास आणि म्हणालीस, “आई, तू शिवलेल्या कपड्यात मला श्वास घेता येत नाही. कधीच येत नव्हता.” आणि बॅग उचललीस. तेव्हापासून दर डिसेंबरला तू माझ्या नावाने खेकड्यांची पेटी पाठवतेस. आई सगळ्यात मोठा खेकडा खातात आणि म्हणतात, खारट आहे. सुंभ जळेल पण दोघींचा पीळ जायचा नाही.

तिसऱ्या खेपेला मी कंबर कसली. म्हटलं, आता चिहारूचं खरं माप मागवून घेते. आई म्हणाल्या, “खबरदार. माझ्या वहीत आहे.” गिऱ्हाइकांच्या मापांची ती जुनी वही काढली, त्यात तुझं पान, वीस वर्षांची चिहारू. मला राहवलं नाही. “आई, ती सत्तेचाळीस वर्षांची झाली. बाई आहे ती, बांबूची पट्टी नव्हे.” आई कापडावरून हात फिरवत बसल्या होत्या. म्हणाल्या, “म्हणून तर हे कापड. जाडी झाली असली तरी घेईल, वाळली असली तरी धरेल. मला विचारावं लागणार नाही, आणि तिला अडकल्यासारखं होणार नाही.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की सेनबाच्या दुकानात त्या बाईला दोनदा श्वासाबद्दल का विचारलं होतं. नऊ वर्षं त्यांनी तुझं ते वाक्य खेकड्याबरोबर चावून गिळलं असं मला वाटायचं. गिळलं नव्हतं. माझा सगळा राग त्या क्षणी उतरला, आणि अर्ध्या तासाने परत चढला, कारण त्यांना कापडावरचा पाण्याचा पेला दिसला नाही आणि तो सांडला.

तिसरा झगा छान झाला आहे. निळ्या दोऱ्याने, दोरा मी निवडला. न ओढता मोजला, इस्त्री मी कपाटावर लपवून ठेवली होती. फक्त खांद्याचे बंद राहिले आहेत. पुढच्या बाजूला शिवून झाले, मागची टोकं टाचणीवर आहेत. मी म्हटलं, अंदाजाने शिवून टाका आणि मी पोस्टात टाकते, तुमच्या त्या थंडगार हाकोदातेत असा झगा घालायला वीस दिवस मिळतात, त्यातले दहा गेले. तर म्हणाल्या, “छातीचं कापड सांभाळून घेतं, बंद नाही घेत. बंदाला खांदा लागतो.” आणि झगा घडी करून गुडघ्यावर घेऊन बसल्या आहेत. आज नववा दिवस.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगते. गेल्या बुधवारी दवाखान्यातून फोन आला, आईंची तारीख बदलली म्हणून. गुडघ्याची ना, असं मी विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, नाही, डोळ्यांची. वर्षभर त्या गुडघ्याचं नाव सांगून एकट्या तिथे जात होत्या. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग जात चालला आहे, उजव्याचा गेलाच. कडेकडेचं तेवढं दिसतं, ते राहील म्हणतात. शिवणीची कड चाचपून कळते, माणसाचा चेहरा मात्र मधोमध असतो. म्हणून त्या फ्रिजकडे तोंड करत होत्या. मला बघायला. आणि मी त्यावरून रडून घेतलं. मी खूप बोलले त्यांना, सासूला बोलू नये तेवढं बोलले. त्या म्हणाल्या, “तुला कळलं की तू तिला कळवशील, आणि ती दया येऊन येईल. दयेने आलेली मला नको.” तेव्हा ऐक. तुला काहीही माहीत नाही. तेरा ऑगस्टला ओबोनचा दिवा लावतो आम्ही, पितरांना घरची वाट दिसावी म्हणून. बाबा वारलेत तरी दर वर्षी वेळेवर घरी येतात, तू जिवंत असून तुला जमत नाही, असं मी फोनवर ओरडले आणि म्हणून तू आलीस, एवढंच सांगायचं. दया दाखवू नकोस. रागावूनच ये, आल्या आल्या हवं तर भांड, किमोनोवरूनच भांड. फक्त त्यांच्यासमोर उभी राहशील तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करतील, ते तोंड फिरवणं नाही. तेव्हा त्या तुलाच बघत असतील, तर तेवढा वेळ जागची हलू नकोस. देवळातून वाचवलेली ती एक सुई मी रोज सकाळी निळा दोरा ओवून सुयांच्या गादीत खोचून ठेवते आणि रोज संध्याकाळी ती तशीच असते. मला ह्याचा आता फार कंटाळा आला आहे, चिहारू. खांदे घेऊन ये.

तुझीच, आणि नाइलाजाने तुझ्या आईचीही,
तोमोएवहिनी