फणसाचा पाट

२० जून, शुक्रवार

लिव्हरमध्ये पण आहे.

बस. एवढंच सांगायला डॉक्टरीणबाईंनी ठाण्याला बोलावलं आणि पाऊण तास बाहेर बसवलं. गाठ नुसती पोटात होती तेव्हा तिचा निदान एक पत्ता तरी होता. मी विचारलं, ऑपरेशन? तर म्हणाल्या, "आता ऑपरेशनचा उपयोग नाही, मयूर. केमोने जेवढं थोपवता येईल तेवढं थोपवू." विनिता माझ्याकडे न बघता फाईलची नाडी बांधत होती. सोडत होती, परत बांधत होती.

परत डोंबिवलीला येताना शीळफाट्याला अडकलो. गाडी सर्वेशची. माझ्याबरोबर लिफ्टच्या मेंटेनन्सला आहे, एरवी हा माणूस दोन मिनिटं गप्प बसेल तर शपथ! आज एक शब्द नाही. शेवटी मीच म्हणालो, अरे बोल ना काहीतरी, मेलेलो नाही अजून. तर गाडी बाजूला घेऊन ढसाढसा रडायला लागला. मागून सगळे हॉर्न मारतायत, शिव्या घालतायत. मग मीच त्याला पाणी दिलं. पेशंट कोण आहे, कळेना!

सदतीस वय माझं. विनिताची-माझी लेक उर्वी आठ वर्षांची. हे लिहायला हात धजत नव्हता. लिहिलं.

२२ जून

आईला सांगितलं. ऐकून उठली. देवासमोर जाऊन बसली. बऱ्याच वेळाने तिथूनच विचारलं, "भात टाकू का पेज?"

पेज म्हणालो.

२ जुलै

केमो झाली. तोंड कळकलेल्या ताकासारखं झालंय. आईने मऊ भात, मेतकूट, तूप असं सगळं समोर मांडलं. दोन घास खाल्ले आणि बेसिनकडे पळालो. ती दाराबाहेर उभी राहून "होतंय, होतंय, बरं वाटेल" म्हणत राहिली. मी लहान असताना ताप आला की अशीच उभी राहायची.

१३ जुलै, रविवार

आज पाट काढला. विनिताने शिडीवर चढून माळ्यावरून उतरवला आणि मी खालून नुसत्या सूचना केल्या. दरवर्षी उलटं असतं. "आता कळलं मी एवढी का ओरडते ते?" म्हणाली. कळलं बाई.

फणसाचा आहे पाट. आजोबांनी संगमेश्वरच्या घरी करून घेतलेला. एका कोपऱ्याला निरांजन कलंडून जळल्याचा डाग आहे. नागपंचमीला हा कल्याणला उत्तमकाकांच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, काका त्याच्यावरच शाडूचा गणपती घडवतात, आणि चतुर्थीला मी पाटासकट मूर्ती डोक्यावर घेऊन घरी येतो. दुसऱ्या कुठल्या पाटावर आमचा गणपती बसत नाही. आईसमोर तयार मूर्तीचं नाव काढून बघावं कोणी! आजवर एकदाच खंड पडला — बाबा ऐन चतुर्थीच्या तोंडावर गेले, सुतक लागलं, त्या वर्षी.

उर्वीने आणि मी खोबरेल लावून पाट पुसला. पोरीच्या प्रश्नांना अंत नाही.

"काकांना पाट दिलाच नाही तर?"

"मग बाप्पा बसणार कशावर? येणारच नाही."

"कधीच?"

"त्या वर्षी नाही."

त्या जळक्या डागाला परत परत तेल लावत होती. म्हणे, इथे बाप्पाला चटका बसत असेल. किती दिवसांनी हसलो! हसताना पोटात कळ आली, तरी हसलो.

पाट लाल फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या मागे उभा करून ठेवलाय.

१८ जुलै

आज आईवर ओरडलो.

स्वयंपाकघरात विनिताला हळू आवाजात सांगत होती. तिला वाटलं मी झोपलोय. "चतुर्थीच्या आत काही वेडंवाकडं नको व्हायला गं. सुतक लागलं तर गणपती राहील. पोर बसलीय वाट बघत."

डोकंच फिरलं. तसाच उठून गेलो. म्हटलं, "म्हणजे मी मरायचं पण तिथी बघून?"

आईने ओट्याला धरलं. तोंड एवढंसं झालं बिचारीचं. ती काय वाईट चिंतते का माझं? तिच्या मनात भीती आहे ती तिने सुनेपाशी बोलून दाखवली, इतकंच. पण मला कुठेतरी ओरडायचं होतं आणि ती समोर होती.

मग सारवासारव. म्हणालो, "बरं, घाबरू नको. माझं बाप्पाशी बोलणं झालंय. तो येईपर्यंत मी कुठेही जात नाही. तो येऊन गेला, की मग मी पण मोकळा जायला."

कोणी हसलं नाही. उर्वी टेबलाशी महाराष्ट्राचा नकाशा रंगवत होती. तिने मान वर करून विचारलं, "कुठे जाणार?" विनिता म्हणाली, आधी दूध पी, गार होतंय.

खरं सांगायचं तर मस्करी नव्हतीच ती. मला खरंच तेवढंच हवंय. अजून एकदा गणपती आणायचाय मला. पुढे उर्वी झांज वाजवत चाललीय, मी मागे डोक्यावर पाट घेऊन, जिन्यात सगळे "मोरया" ओरडतायत. तिला तो बाबा आठवावा. हा बेसिनवर वाकलेला नको.

२३ जुलै

तालीम केली! आई देवळात गेलेली, विनिता कामावर. तांदळाचा डबा उचलून बघितला. उचलला. डोक्यावर घ्यायला गेलो तर हात लटपटले आणि हॉलभर तांदूळ. उर्वी शाळेतून आली आणि आम्ही दोघं खाली बसून भरत बसलो, तरी विनिताला समजलंच. दिवाणाखाली दाणे राहिलेले.

"कशाला हवेत हे उद्योग?"

म्हटलं, गणपती कोण आणणार मग?

"सर्वेश आणेल."

"सर्वेश काय घरचा आहे?"

"आणि मी? मी कोण आहे?" एकदम आवाज चढला तिचा. "मी आणीन डोक्यावर. तू नुसता बरोबर चाल. चालशील ना? तेवढं तरी सांग मला."

आणि जे रडली! इतके दिवस हिने थेंब काढला नव्हता. मी तिचे खांदे धरले. चालेन म्हणालो. चालेन गं.

२८ जुलै, सोमवार

दिवसभर ठाण्याला. रक्त कमी निघालं, चढवलं, त्यात संध्याकाळ झाली. उर्वी आजीबरोबर घरी. आलो तर दार उघडायला धावत आली आणि माझा हात धरून सरळ दिवाणापाशी नेलं. "इथेच झोप बाबा. इथे मी मऊ केलंय." चादर घातलेली, दोन उशा. गुणाची पोर माझी!

उद्या नागपंचमी. सर्वेश सकाळी येणारेय, कल्याणला जाऊ. आईने पाटाला लावायला हळदकुंकू पुडीत बांधून ठेवलंय.

२९ जुलै

पाट नाही.

फ्रीजमागे नाही, माळ्यावर नाही, देवघराखाली नाही. आईने कपाटं रिकामी केली. विनिताने गॅलरी उपसली. रद्दीवाल्याला गेला का? शेजारच्या मैथिलीने सत्यनारायणाला नेला का? कोणी नेला नाही. उर्वीला विचारलं. "मला नाही माहीत," म्हणाली आणि दप्तर भरायला लागली.

सर्वेश तासभर थांबून गेला.

उत्तमकाकांना फोन केला. म्हणाले, "मयूर, तुझ्यासाठी रविवारपर्यंत थांबतो. त्यापुढे माती वाळायची नाही रे नीट."

आई दिवेलागणीला म्हणाली, "देवाच्याच मनात नाही यायचं." आणि कपाळावर हात मारून घेतला. मी म्हटलं, असं नको बोलूस. पण माझ्याही मनात तेच आलेलं.

१ ऑगस्ट

अख्खं घर उलटंपालटं झालंय. सगळे शोधतायत आणि मी दिवाणावर पडून हुकूम सोडतोय — तिथे बघ, त्या गोणीत बघ. उठवत नाही. पाय सुजलेत.

विनिता आईला म्हणाली, "नवा पाट आणू या ना. त्याच्यासाठी." आईने ओटा पुसायला घेतला. मग म्हणाली, "मी काय मुद्दाम अडवते का गं?" दोघीही भांडी घासायला गेल्या. एवढी भांडी नव्हतीच.

आज रडलो. सरळ रडलो, लपवलं नाही. काय मोठं मागितलेलं मी? बरं कर नाही म्हणालो. एक चतुर्थी मागितली.

उर्वी जवळ येऊन बसली. माझं तोंड फ्रॉकने पुसलं. "रडू नको ना बाबा. पुढच्या वर्षी आणू आपण." आणि गंमत म्हणजे पोरगी एकटीच घरात खुशीत आहे. पोळी मागून घेतली आज, भाजीसकट. गाणं काय म्हणतेय! तिला कसं सांगू, पुढच्या वर्षी "आपण" म्हणजे कोण कोण असेल ते.

३ ऑगस्ट, रविवार

दुपारी थंडी भरून आली. आई देवळात, विनिता औषधं आणायला. दिवाणाच्या आत गोधड्या असतात, म्हणून फळी उचलायला गेलो. तर उर्वी धावत येऊन फळीवर बसली. "उठ गं," म्हटलं. उठेना. मग माझे दात वाजताना बघितले आणि आपणहून उतरली.

गोधडीखाली तिचं बाळपणीचं दुपटं. दुपट्याखाली लाल फडकं. मी ठाण्याला गेलेलो तेव्हा ठेवलं असणार. इतके दिवस मी त्या पाटावरच झोपलोय.

"आजीला सांगू नको," ती म्हणाली. "बाप्पा आलाच नाही, तर तू पण जाणार नाहीस ना?"

जिन्यात आईची पावलं वाजली. चपला काढता काढता तिने विचारलं, "मिळाला का रे?"

"नाही गं," मी म्हणालो. फळी लावून झालेली. वर आम्ही दोघं गोधडी घेऊन बसलेलो.