मॉडेलमध्ये काही नाही

कोसाड, सुरत
१७ जून १९९७

चि. भूपेंद्र,

आशीर्वाद. तू दिल्लीत सुखात असशीलच. आईचा गुडघा दुखतो, पण तिचं जेवणखाण ठीक आहे. कॉलनीत पाणी एक दिवसाआड येतं.

तुझं चार पानी पत्र मिळालं. ढगातून गार हवा धाडकन खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे सुटते, हे समजलं. तुमचा कॉम्प्युटर देशाचे मोठमोठे चौकोन पाडून हवेचं गणित करतो, एकेका चौकोनात सुरतेपासून पार आपल्या नंदुरबारपर्यंतचा मुलूख मावतो आणि आमच्या कॉलनीएवढा वारा त्यात दिसूच शकत नाही, हेही समजलं. फार छान समजावलंस.

मग आखाजीच्या सणाच्या सकाळी फोनवर हे का नाही सांगितलंस?

आठवत नसेल तर मी सांगते. इथं झाडं नाहीत, म्हणून आखाजीचा झोका आम्ही मंडपवाल्याचे लोखंडी पाइप उभे करून बांधतो, वर उन्हासाठी ताडपत्री. आदल्या दिवशी गडगडलं होतं. तुझे दाजी म्हणाले, यंदा झोका राहू दे. आईनं हट्टानं मला एस.टी.डी. बूथवर पाठवलं. "भूपेंद्रले इचार." तू हसलास. म्हणालास, "ताई, आमच्या मॉडेलमध्ये काही नाही. बिनधास्त बांधा."

दिसत नाही आणि येणार नाही, यातला फरक तुला माहीत होता. मला नव्हता. असले वारे आम्हाला कळत नाहीत, एवढं म्हणायला तुझं काय जात होतं? बहिणीसमोर मान खाली गेली असती का रे?

दुपारी वारा आला, ताडपत्री फुगली आणि अख्खा सांगाडा उपटून झोक्यावरच्या माझ्या लेकीवर, चंचलवर पडला.

आता आईचं ऐक. ती गल्लीभर सांगत फिरते, "मना भूपेंद्रनं मशीन चुकत नई. जवाईनी गाठ ढिली बांधी." लोकांनाही ते पटलं. दिल्लीच्या साहेबापेक्षा लूमवरच्या माणसाला दोष देणं सोपं असतं. परवा शेजारी हिलालकडे बारसं होतं. पाळणा टांगायला हे पुढे झाले, तर हिलालनं सगळ्यांदेखत यांच्या हातातून दोरी काढून घेतली. "ऱ्हाऊ द्या, योगराजभाऊ." हे न जेवता घरी आले. तेव्हापासून लेकीकडे बघत नाहीत. आणि ती गुजराती मैत्रिणींना अजून सांगते, "मारा मामा पवन पकडे छे." असा संताप होतो माझा!

तिच्या पायाचंही आता लिहिते. तुझ्या कामात विघ्न नको म्हणून आईनं मला प्लॅस्टर लिहायला लावलं होतं. प्लॅस्टर नाही. गुडघ्याखाली पाय काढला आहे.

तू लिहितोस की आता बारीक चौकोनांवर काम धरलं आहेस, पुढे असे वारे आधी सांगता येतील. सांग बाबा, सगळ्या जगाला सांग. पण आधी इथं ये. आईसमोर, हिलालसमोर उभा राहा आणि म्हण, मला कळत नव्हतं आणि कळतं असं मी दाखवलं. दाजींचा दोष नाही. हे तोंडातून निघणार नसेल तर राखीला येऊ नकोस.

खाली 'तुझी ताई' लिहिणार होते. हात चालला नाही.

सौ. योगिता योगराज पाटील